ड्रायव्हरच्या बायकोची दुपार

आमच्या गल्लीत ड्रायव्हरची बायको दुपारी झोपत नाही. हे कुणी सांगत नाही, पण लग्न होऊन आलेल्या नव्या मुलीलाही महिन्याभरात कळतं. बाकीचं सोलापूर झोपतं. उन्हाळ्यात जेवणाची वेळ टळली की दुकानांची शटरं अर्धी खाली येतात, रिक्षावाले मागच्या सीटवर पाय पसरतात, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मार्केट यार्डाच्या मागची आमची गल्ली मात्र निम्मी जागी असते. ज्या दारापुढं पुरुषाच्या चपला नाहीत, त्या घरातली बाई टक्क डोळे उघडे ठेवून बसलेली आहे असं खुशाल समजावं.

नवरा रस्त्यावर असताना बायकोनं पाठ टेकली की तिकडं त्याच्याही पापण्या जड होतात, असं आमच्याकडं मानतात. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं हसू यायचं. बारावीपर्यंत शिकलेली मी, असल्या गोष्टींना कशाला भीक घालू? जेवण झालं की मी चटई टाकायची आणि मेल्यासारखी झोपायची. सासूबाई तेव्हा होत्या, त्या नुसत्या बघायच्या आणि उंबऱ्यात जाऊन बसायच्या. माझ्या वाटचं त्या जागायच्या, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

माझं हसू बंद झालं ते कोपऱ्यावरच्या वहिनींमुळं. त्यांचे मालक ट्रकवर होते. मे महिन्यातल्या एका दुपारी मोहोळच्या अलीकडं त्यांचा डोळा लागला आणि गाडी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रेलरवर गेली. खबर घेऊन माणसं आली तेव्हा मीही मागं मागं गेले. दार बराच वेळ वाजवावं लागलं. वहिनी झोपेतून उठून आल्या, केस विस्कटलेले, एका गालावर चटईचे वळ उमटलेले. पुढचं सगळं त्या गालावरच घडताना मी पाहिलं. नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच सांगायच्या, "मी झोपले होते हो."  त्या दिवसापासून मी दुपारी पाठ टेकली नाही.

आमचे हे एका ट्रान्सपोर्टच्या टेंपोवर आहेत. चादरी आणि टॉवेलचे गठ्ठे घेऊन संध्याकाळी सोलापुरातून निघायचं, पुण्यात सकाळी माल उतरवायचा, मिळेल ते परतीचं भाडं घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारचं ऊन डोक्यावर घेत घरी यायचं. आठवड्यातून तीनदा तरी हे चालतं. जाताना मला एवढी धाकधूक नसते, माणूस ताजा असतो. येतानाचा माणूस म्हणजे रात्रभर न झोपलेला, वर इंदापूरला ताटभर जेवलेला, आणि पुढं सरळसोट रस्ता, वळण नाही की चढ नाही, दोन्ही बाजूला ऊस नाहीतर उघडं रान. मी एकदा त्यांच्याबरोबर केबिनमध्ये बसून आले होते. टेंभुर्णीच्या पुढं मला स्वतःला दोनदा डुलकी लागली, आणि मी तर नुसती बसले होते.

पूर्वी बायका नुसत्याच जागायच्या. फोनवर बोलणं जवळपास फुकट झालं तेव्हापासून जागण्याला काम मिळालं. दुपार झाली की गल्लीतली प्रत्येक ड्रायव्हरची बायको फोन लावून बसते. त्याच्या कानात वायर, हिच्या कानाला फोन, आणि तो घरी पोचेस्तोवर बोलत राहायचं. आम्ही त्याला जागवणं म्हणतो. "जागवायलीस का?" असं एकमेकींना विचारतो, जसं दुसरीकडं भाजी झाली का विचारतात.

आता मला सांगा, लग्नाला वीस-बावीस वर्षं झालेल्या नवऱ्याशी रोज काय बोलायचं? आमची एकुलती एक मुलगी दुधनीला दिलेली, तिच्या घरची खबरबात सांगून संपते. मग मी काहीही बोलायची. पेपर वाचून दाखवायची, राशिभविष्यापासून निविदा सूचनेपर्यंत. शेजारच्या अक्कांचा जावई कसा कामचुकार आहे हे इतक्यांदा सांगितलं की यांना तो पाठ झाला. कधी भांडण उकरून काढायची. भांडताना माणूस जागा राहतो, हे मला अनुभवानं कळलं होतं. हे बिचारे ऐकायचे. म्हणायचे, "तू हायस फोनवर, मग कशाला थांबू? एका दमात घर गाठतो की."

हे वाक्य मला तेव्हा गोड वाटायचं.

माझा स्वतःचा धंदा कडक भाकरीचा. ज्वारीच्या भाकऱ्या पातळ थापायच्या, भाजायच्या, मग मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत वाळवायच्या आणि थप्प्या बांधून दुकानांना द्यायच्या. पहाटे सुरू केलं की जेवणाच्या वेळेपर्यंत हात पिठात असतात. तेवढ्यात निवांतपणा यावा तर फोनची वेळ. पुष्कळदा भाकऱ्या संपलेल्या नसायच्या, मग मान तिरकी करून खांद्यात फोन धरायचा आणि थापत थापत बोलायचं. त्या मानेनं शेवटी दगा दिला. चक्कर यायला लागली म्हणून डॉक्टरांकडं गेले, तर त्यांनी रक्तदाब बघितला, मान बघितली आणि म्हणाले, "गोळ्या देतो, पण दुपारी तासभर आडव्या होत जा. तेच खरं औषध."

मी "बघते" म्हटलं. डॉक्टर चांगले होते, पण त्यांची बायको ड्रायव्हरची बायको नव्हती.

शेजारच्या अक्का मात्र या बाबतीत सुखी. त्यांचं घर तेलुगू, मालक कारखान्यात लूमवर, आणि अक्का घरी मशीनवर टॉवेलच्या कडा शिवतात. जेवण झालं की मशीन बंद, फरशीवर नुसता पदर पसरायचा आणि घटकेत घोरायला लागायचं. त्यांचा संसार काही माझ्यापेक्षा सोपा नाही, तरी त्या अशा झोपतात की बघून हेवा वाटावा. जाता जाता माझ्या खिडकीतून डोकावून म्हणायच्या, "पडुको गं, पडुको." म्हणजे झोप, एवढं तेलुगू मला कळतं. मी फोनकडं बोट दाखवायची आणि त्या कपाळाला हात लावून जायच्या.

आता त्या दिवसाचं सांगते.

नेहमीसारखी दुपार होती. मी शेवटच्या भाकऱ्या वाळवत होते आणि फोनवर ज्वारीचं गाऱ्हाणं चाललं होतं. या खेपेची ज्वारी पिवळट निघाली, भाकरीला तो पांढरा रंग येत नाही, दुकानदार कुरकुर करतो. हे "हं" म्हणाले. मी म्हटलं, "मग बदलून आणू का?" "हं." "का राहू देऊ?" "हं."

हे तसे कमी बोलणारे, म्हणून मी पुढं बोलत राहिले. थोड्या वेळानं विचारलं, "कुटं आलाव?"

"हं."

"इंदापूर मागं पडलं का?"

"हं."

माझा हात तव्यावर थांबला. त्यांच्या 'हं'चे किती प्रकार आहेत हे मला ठाऊक आहे. कंटाळल्याचा वेगळा, पटल्याचा वेगळा, ऐकलंच नाही त्याचा वेगळा. हे सगळे 'हं' एकाच मापाचे होते.

"तुमी जागं हाव न्हवं?"

"हं."

 त्याच वेळी पलीकडून कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न आला, लांबलचक, जवळ जवळ येणारा. मग चाकांचा आवाज बदलला. डांबरावरचा एकसुरी आवाज जाऊन खडीवरचा खरखराट सुरू झाला. मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. अक्का त्यांच्या घरातून धावत आल्या, त्यांनी नंतर सांगितलं, मी माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन ओरडत होते. लग्नात उखाण्यात घेतलं होतं ते नाव, त्यानंतर कधी तोंडातून काढलं नव्हतं.

मग ब्रेक करकचला. काहीतरी धाडकन आपटलं. आणि मग काहीच नाही, फोन चालू, पण आत कुणी नाही. मी "अहो, अहो" करत राहिले. तवा जळत होता, अक्कांनी गॅस बंद केला. मी तिथंच पिठात बसले. माझ्या डोळ्यांपुढं कोपऱ्यावरच्या वहिनींचा गाल आला, वळ उमटलेला. मी तर झोपले नव्हते. सगळा नियम पाळला होता. मग हे कसं?

बऱ्याच वेळानं त्यांचा आवाज आला. "थांबलोय. कडंला थांबलोय. गाडीचं मागचं फाळकं सुटलं, बाकी काय न्हाय."

मी रडू लागले. ते म्हणाले, "ठेव आता." आणि त्यांनी फोन ठेवला. आमच्या सगळ्या दुपारींमध्ये फोन त्यांनी आधी ठेवला असा तो पहिलाच प्रसंग.

हे घरी आले ते अंधार पडता पडता. हातपाय धुतले, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि भिंतीकडं बघत बसले. मी विचारलं, "लागलं का कुटं?" त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तू नाव घेतलंस माझं. कोण हाक मारायलंय म्हणून डोळा उघडला. तेवढ्यानं वाचलो."

मी म्हटलं, "पण तुमी तर बोलत होता. हं म्हणत होता."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत मी यांना रागावलेलं पाहिलंय, थकलेलं पाहिलंय, पण घाबरलेलं पाहिलं नव्हतं. ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "ते मी न्हवतो म्हणत. मला तुझं एक अक्षर आठवत न्हाय. कोण म्हणत होतं ते?"

 माझा नवरा झोपलेला, गाडी धावतेय, आणि मी त्याला ज्वारीचं गाऱ्हाणं सांगतेय. आणि हे काय पहिल्यांदाच झालं होतं? मागच्या किती दुपारी मी अशी झोपलेल्या माणसाशी बोलत बसले असेन? किती 'हं' खरे आणि किती नुसतेच तोंडातून आलेले? या विचारानं मी अजूनही दचकते. तोवर मला वाटत होतं की माझा आवाज त्यांना धरून आहे. धरून कसलं, तो आवाज त्यांना थांबू देत नव्हता. मी नसते तर हे कुठं तरी झाडाखाली गाडी लावून घटकाभर पडले असते, जसे इतर शहाणे ड्रायव्हर पडतात.

दोन दिवसांनी पुण्याला निघताना त्यांनी नवीन नियम सांगितला. "येताना टेंभुर्णीला झोपणार. तू फोन करायचा न्हाय. मी झोपताना एक मिस्ड कॉल देतो, उठलो की एक देतो. बास."

"आन मला कसं कळायचं तुमी खरंच उठलाव?"

"तू उलटा मिस्ड कॉल दे. तुझा आल्याबिगर गाडी हलवत न्हाय."

ही अट मी घालायच्या आधी त्यांनीच घातली, म्हणून मी गप्प बसले. मग माझी भीती नवीन कामाला लागली. टेंभुर्णीला झोपणार म्हणजे कुठं? रस्त्याकडेला? अहो, कोपऱ्यावरच्या वहिनींचे मालक उभ्या गाडीवरच तर आदळले होते. उभ्या गाडीला तरी धोका कुठं चुकलाय? मी त्यांच्याकडून वदवून घेतलं की गाडी ढाब्याच्या मागं, झाडाखाली लावायची, काचा उघड्या ठेवायच्या. ते "व्हय, व्हय" म्हणत चपला घालत होते. गेल्यावर मला आठवलं, उन्हानं तापलेल्या केबिनमध्ये झोपलेली माणसं कधी कधी उठतच नाहीत. हे सांगायचं राहिलं म्हणून मी रात्रभर स्वतःला बोल लावला.

पहिली दुपार मी जन्मात विसरणार नाही. जेवणानंतर फोन एकदा वाजून थांबला. म्हणजे हे झोपले. आता काय करायचं? हातात काम नाही, कानात आवाज नाही. गल्लीत ठिकठिकाणी बायका आपापल्या नवऱ्यांना जागवत होत्या, त्यांची बडबड खिडकीतून येत होती. मी तेवढी गप्प. फोन मांडीवर ठेवून मी त्याच्याकडं बघत राहिले. पंखा फिरत होता. मला वाटलं, हे झोपलेत ते दिसत नाहीत, जागे असले तरी दिसत नव्हते, मग फरक काय? पण फरक होता. तोवर मी काहीतरी करत होते. आता माझ्या हातात काही नव्हतं.  दुसरा मिस्ड कॉल आला तेव्हा मी इतक्या घाईनं उलटा दिला की त्यांनी फोन अजून खाली ठेवलाही नसेल.

त्या दिवशी हे उजेडात घरी आले. चेहरा ताजा होता. जेवताना चक्क दोन वाक्यं जास्त बोलले. मला ते बघून बरं वाटायला हवं होतं, वाटलंही, पण माझी मान दगडासारखी झाली होती.

पंधरवड्यानं हे म्हणाले, "तू झोपत न्हाईस."

"कोण म्हणतंय?"

"माझा मिस्ड कॉल पडतो न पडतो तवर तुझा येतोय. झोपलेलं माणूस असं करत न्हाय. तू हितं ताटकळत बसलीस असं मनात आलं की मला बी झोप लागत न्हाय. डोळे मिटून पडतो नुसता."

आता याला काय म्हणावं? हे झोपावेत म्हणून मी झोपायचं. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या खेपेपासून त्यांना फसवायला लागले. त्यांचा मिस्ड कॉल आला की लगेच उत्तर द्यायचं नाही. भाकरीच्या थप्प्या एका टोपलीतून दुसरीत ठेवायच्या, तोंड धुवायचं, मग उलटा कॉल. झोपेतून उठलेल्या बाईला तेवढा वेळ लागतोच. यांना ते पटलं. म्हणायचे, "आज चांगली झोपलीस की." मी "व्हय" म्हणायची. घाबरलेल्या माणसाला लबाडी बरोबर सुचते.

कोपऱ्यावरच्या वहिनी एकदा भाकऱ्या न्यायला आल्या होत्या. मी फोनवर नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. जाताना माझ्या दाराशी जरा रेंगाळल्या आणि माझ्या चटईकडं बघितलं. चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. ती तशी आहे याचं मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

आणि मग लग्नसराई आली. भाकऱ्यांची मोठी मागणी होती, सलग काही दिवस माझा हात थांबला नव्हता. त्या दुपारी शेवटची थप्पी बांधून दिली आणि बसले तर मान ताठ राहीना. यांचा 'झोपायला चाललो'चा मिस्ड कॉल येऊन गेला होता. मी चटई उलगडली. झोपायचं नव्हतं मला, देवाशपथ. मान तेवढी टेकवावी, डोळे उघडेच ठेवावेत, छताकडं बघावं. फोन पोटावर ठेवला. पलीकडं अक्कांचं मशीन चालू होतं, मग थांबलं. अक्का झोपल्या असतील असं मनात आलं, एवढंच आठवतं.

जाग आली ती दाराच्या धडधडीनं. कुणीतरी दोन्ही हातांनी दार बडवत होतं. खोलीतलं ऊन भिंतीवर भलतीकडंच सरकलेलं. मी उठले तर खिडकीच्या गजांना धरून अक्का उभ्या, तोंड पांढरंफटक, आणि भडाभडा तेलुगूत बोलतायत. घाबरल्या की अक्कांना मराठी आठवत नाही. मला एक शब्द कळला नाही, कळायची गरजही नव्हती. मी गालाला हात लावला. चटईचे वळ बोटांना लागले.

मी दार उघडलं.  गल्लीत दोघी-तिघी दारात येऊन उभ्या होत्या, त्यांत कोपऱ्यावरच्या वहिनीही. मी अक्कांना विचारलं, "कुटं झालं?"

अक्का बघतच राहिल्या.

"अक्का, कुटं झालं ते सांगा."

तेव्हा त्यांना मराठी सापडलं. "काय कुटं झालं? तुला झालं काय? किती दार वाजवायलेव आमी! तुझा नवरा तितं टेंभुर्णीत बसून रडायलाय. फोन उचलत न्हाय म्हणतोय. माझ्या मालकाला फोन केला, मालकानं मला केला आन त्याला माझा नंबर दिला. हे घे, बोल त्याच्याशी."

त्यांनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला. मी कानाला लावला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, ओला, अडकणारा. मी "अहो" म्हटलं.

त्यांनी नाक ओढलं. मग म्हणाले, "कवाधरनं फोन लावायलोय. मला वाटलं, चक्कर येऊन पडलीस. डॉक्टर म्हणाले होते न्हवं. मला वाटलं…" पुढचं त्यांनी तोंडातून काढलं नाही.

"झोपले होते हो," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं आणि मी कोपऱ्याकडं बघितलं. वहिनी तिथंच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्या हळूच पुढं आल्या, माझ्या गालावरून हात फिरवला, वळ पुसावेत तसा, आणि घरी गेल्या.

मी फोनवर म्हटलं, "मी बरी हाय. निघा आता, उशीर व्हायलाय."

"थांब जरा. हात थरथरायलेत. स्टेअरिंग धरवत न्हाय."

म्हणून आम्ही थांबलो. ते टेंभुर्णीत झाडाखाली केबिनमध्ये, मी अक्कांचा फोन घेऊन माझ्या उंबऱ्यात. कुणी काही बोललं नाही. राशिभविष्य नाही, ज्वारी नाही, जावई नाही. मी त्यांचा श्वास ऐकत बसले, तो हळूहळू सरळ होत गेला. इतके दिवस मला वाटत होतं की घरी बसून घाबरायचं काम माझ्या एकटीकडं आहे आणि हे तिकडं मजेत झोपतायत. हा माणूसही गाडी चालवताना माझ्या चक्करेचा, माझ्या मानेचा विचार करत होता की काय, हे मी कधी विचारलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "हां. निघतो आता." आणि मी फोन ठेवला.

ते आले तेव्हा दिवेलागण झाली होती. मी दारातच उभी होते. त्यांनी चपला काढल्या, माझ्याकडं नीट बघितलं, कपाळाला हात लावून बघितलं, ताप बघावा तसं. मी चहा टाकायला वळले तर म्हणाले, "राहू दे." आत गेले आणि दुपारची चटई अजून तशीच पसरलेली होती, तिच्यावर आडवे झाले. म्हणाले, "तू बी ये."

दिवेलागणीला आमच्या घरात कधी कुणी झोपलेलं नाही. सासूबाई असत्या तर त्यांनी दोघांनाही उठवून बसवलं असतं. मी देवापुढं दिवा लावला, दोघांचे फोन भाकरीच्या रिकाम्या टोपलीत टाकले आणि त्यांच्या शेजारी पडले. ते लगेच झोपले. मला झोप येत नव्हती, भीती अजून अंगातून उतरली नव्हती. बाहेर गल्लीतली पोरं खेळत होती, अक्कांचं मशीन पुन्हा सुरू झालं होतं.

झोपेत हे "हं" म्हणाले.

मी काहीच विचारलं नव्हतं. तोच आवाज, तेच माप. माझ्या तोंडात त्यांचं नाव आलं, ओठापर्यंत आलं. खाली चटई होती, चटईखाली फरशी. ती कुठं जात नव्हती. मी त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि त्यांना उठवलं नाही.